शाळेतला अपघात आणि भरपाईचा हक्क

(शालेय कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात वेतनश्रेणी, थकबाकी आणि पेन्शन या विषयांवर भरपूर बोलणे झाले. आमच्या वाट्याला आलेला विषय तसा कोणाला आवडणारा नाही. कामावर असताना जखमी झालेल्या किंवा मरण पावलेल्या शालेय कर्मचाऱ्याला भरपाई कशी मिळते, आणि बहुतेक वेळा ती का मिळत नाही, हे आज सांगायचे आहे.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दहा-बारा प्रतिनिधींना सहज विचारले, तुमच्या शाळेत कामावर असताना कोणाला इजा झाली आहे का? प्रत्येकाने आधी नाही म्हटले. मग बोलता बोलता एकेक निघू लागले. फळ्यावरची चौकट बसवताना स्टुलावरून पडून एका शिपायाचे मनगट मोडले होते. प्रयोगशाळेत आम्लाची बाटली फुटून परिचराच्या हातावर चट्टे उठले होते. बस मागे घेताना क्लीनरचा पाय चाकाखाली आला होता. खिचडीचे पातेले उतरवताना एका बाईंची मांडी भाजली होती. हे सगळे घडलेले होते, पण कोणीही त्याला 'कामावरचा अपघात' म्हणत नव्हते. कारखान्यात माणूस पडला की यंत्र थांबते, खात्यातले लोक धावतात, सेफ्टी ऑफिसर येतो, कागद होतो. शाळेत माणूस पडला की दोघेजण त्याला रिक्षात घालतात, आणि पुढच्या तासाची घंटा वेळेवर होते.

आमच्या हातून गेलेला एक दावा आधी सांगतो. एका खाजगी शाळेतले शिपाई. वय पन्नाशीच्या आत. पावसाळा तोंडावर आला होता आणि दोन वर्गांवरचे सिमेंटचे पत्रे तडकले होते. गवंडी लावला असता तर मजुरी द्यावी लागली असती, म्हणून रविवारी शिपायांना बोलावून वर चढवले. पत्रा पायाखाली फुटला आणि ते खाली बाकांवर पडले. खुबा मोडला. संस्थेचे सचिव वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेले आणि पहिले बिलही भरले. पण दवाखान्याच्या केसपेपरवर कारण लिहिताना त्यांनी 'घरी पडून' असे सांगितले. पोलिसांची भानगड नको, हा त्यामागचा विचार. आठ दिवसांनी दुसऱ्या एका कागदावर सही घेतली. 'मी माझ्या चुकीने पडलो, संस्थेविरुद्ध माझी काही तक्रार नाही.' शिक्षकांनी वर्गणी काढली, तीही दिली. नंतर रजा संपली, पगार थांबला, आणि काठीशिवाय चालता येत नाही असे कळल्यावर ते आमच्याकडे आले. तोपर्यंत दोन वर्षे चार महिने झाले होते.

या दोन कागदांतला फरक नीट लक्षात घ्या, कारण आजच्या भाषणाचा अर्धा अर्थ त्यात आहे. 'माझ्या चुकीने पडलो' या कागदाला कायद्यात काडीची किंमत नव्हती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात चूक कोणाची हे पाहिलेच जात नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला एवढे पुरे असते. कामगार दारूच्या अमलाखाली असेल, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले असेल, तरच मालकाची सुटका होते. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ही सबबसुद्धा चालत नाही. हक्क सोडून देण्याचा करारही कायद्याने रद्दबातल ठरवलेला आहे. तेव्हा त्या सहीला आम्ही घाबरलो नाही. उशीरही माफ करून घेतला. दावा करण्याची मुदत दोन वर्षांची होती, पण सबळ कारण असेल तर आयुक्तांना उशीर माफ करता येत असे.

आम्ही हरलो ते पहिल्या कागदामुळे, केसपेपरवरच्या दोन शब्दांमुळे. रविवार असल्याने मस्टरवर सही नव्हती. वर चढायला सांगितल्याचा लेखी हुकूम नव्हता, तसा तो कधीच नसतो. साक्षीला येतो म्हणणारे दोन सहकारी तारखेला आले नाहीत, आणि आम्ही त्यांना दोष देत नाही, त्यांचीही नोकरी त्याच संस्थेत होती. निकालानंतर शाळेच्या हिशेबात पत्रे विकत घेतल्याचे व्हाउचर सापडले, अपघाताच्या दोन दिवस आधीचे! पण उच्च न्यायालयातले अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर चालते, नव्या पुराव्यासाठी दार उघडत नाही. ते व्हाउचर आधी शोधायला हवे होते. ती चूक आमची.

आता कायदा. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने त्यातला 'कामगार' हा शब्द जाऊन 'कर्मचारी' आला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावून रद्द झाला. संहितांविषयीचे आपले आक्षेप ठरावांतून मांडलेले आहेत, ते येथे उगाळत नाही. भरपाईची जुनी चौकट संहितेच्या सातव्या प्रकरणात बरीचशी तशीच उतरली आहे. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी जन्मतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच सांगितले आहे. म्हणून त्या तारखेपूर्वीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याच्या हिशेबानेच पाहावे लागतील. आपल्यात इंदूरचे, बडोद्याचे, हैदराबादचे सभासद बसले आहेत. कायदा केंद्राचा असल्याने मूळ हक्क सगळीकडे सारखा आहे, नियम आणि कार्यालये तेवढी राज्यागणिक वेगळी.

या कायद्याची खोड अशी की तो सगळ्या नोकरदारांना लागू नाही. त्याला एक यादी जोडलेली आहे. यादीत तुमचे काम असेल तर तुम्ही कर्मचारी, नसेल तर नाही. नव्या संहितेतही या प्रकरणापुरती यादीची अट ठेवली आहे. जुनी यादी पाहिली तर शाळेच्या बसचा ड्रायव्हर त्यात आहे. यंत्रावर चालणाऱ्या वाहनाच्या कामावर असलेला क्लीनर त्यात येतो. एक मजल्याहून उंच, किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत बारा फूट वा अधिक उंचीच्या इमारतीच्या देखभाल-दुरुस्तीवर असलेला माणूस येतो. आमच्या शिपायांचा दावा आम्ही याच कलमाखाली लावला होता. हुद्दा शिपायाचा असला तरी त्या दिवशीचे काम छपराच्या दुरुस्तीचे होते. हुद्द्याकडे पाहू नका, त्या क्षणी हातात काय काम होते ते पाहा. शाळेतला शिपाई एका दिवसात माळी, हमाल, वायरमन आणि गवंडी असे चार धंदे करतो. त्यातला कोणता यादीत बसतो ते शोधणे हे युनियनचे काम.

रखवालदारांसाठी एक ताजा निकाल महत्त्वाचा आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचे रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाले आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेले. आयुक्तांनी वारसांना ३,२६,१४० रुपये व व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण अपघात रस्त्यात झाला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निकाल पुन्हा कायम केला. घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांवरून नोकरीशी त्याचा संबंध दिसत असेल तर, नोकरीतलाच धरावा असे त्यात ठरले. राज्य विमा कायद्यात ही तरतूद २०१० सालीच आली होती, नव्या संहितेत ती भरपाईच्या प्रकरणातही स्पष्ट लिहिली आहे. पण त्या कुटुंबाने बावीस वर्षे वाट पाहिली, हेही सांगितले पाहिजे.

रकमेचा हिशेब अवघड नाही, तो प्रत्येक प्रतिनिधीला आलाच पाहिजे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रक्कम घ्यायची, तिला वयानुसार दिलेल्या गुणकाने गुणायचे. वय ४० असेल तर गुणक १८४.१७, वय ५० असेल तर १५३.०९. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. समजा २०२४ साली चाळीस वर्षांच्या एका बस ड्रायव्हरचा एक डोळा गेला, पगार २४,००० रुपये. हिशेबात धरायचे १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणिले १८४.१७, म्हणजे १६,५७,५३० रुपये. हे पूर्ण अपंगत्वाचे. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर कायद्याच्या परिशिष्टात ४० टक्के अपंगत्व दिले आहे, त्याप्रमाणे ६,६३,०१२ रुपये होतात.

विमा कंपनीचा वकील येथेच थांबेल. आपण थांबायचे नाही. १९७६ च्या ज्या निकालाचा उल्लेख केला, त्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण धरले गेले. २००८ साली पाय गमावलेल्या टँकर ड्रायव्हरच्या बाबतीतही न्यायालयाने तेच म्हटले. एक डोळा गेलेल्या माणसाला कोण शाळेची बस चालवू देईल? तेव्हा मागणी ४० टक्क्यांची नव्हे, शंभर टक्क्यांची करायची आणि डॉक्टरला साक्षीला बोलावून प्रश्न विचारायचा, 'हा माणूस आपले काम करू शकेल का?' सहा लाख आणि साडेसोळा लाख यांतला फरक त्या एका प्रश्नाचा आहे. रस्त्यावर दुसऱ्या वाहनाशी अपघात झाला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही मार्ग आहे, पण दोन्हीकडे भरपाई घेता येत नाही. कुठे जास्त मिळेल ते वकिलाकडून आधी तपासून घ्या.

जुन्या कायद्यात आणखी काही गोष्टी होत्या, त्या ठाऊक असू द्या. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च २००९ च्या दुरुस्तीपासून मालकावर आला. एका महिन्यात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची. मालकाने परस्पर विधवेच्या हातात ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तेराव्याच्या दिवशी पाकीट देऊन अंगठा घेणाऱ्यांना हे ऐकवा.

आता सर्वांत दुबळ्या जागेकडे येतो. शाळेत शिजवणाऱ्या बायका. पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि देशभर स्वयंपाकी व मदतनीस उभे राहिले. आज ती संख्या सुमारे पंचवीस लाख आहे, बहुसंख्य बायका. केंद्राने २००९ साली ठरवलेले मानधन महिन्याला १,००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. काही राज्ये त्यात भर घालतात. उकळते वरण, चुलीचा धूर, गॅसची गळकी नळी, शंभर मुलांचे पातेले दोघींनी उचलायचे. शाळेतले सर्वांत धोक्याचे काम हेच, आणि भरपाईच्या दृष्टीने सर्वांत उघडे पडलेलेही हेच. पगार नाही, मानधन आहे. मालक कोण? शाळा व्यवस्थापन समिती म्हणते आम्ही फक्त नेमले, पंचायत म्हणते योजना सरकारची, सरकार म्हणते त्या स्वयंसेवी आहेत. मे २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि संघटना या तिघांनी मिळून योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली. ती तशीच पडून आहे.

यादीत शाळेतला स्वयंपाक हे काम नाही. शहरांत मात्र वाफेवर आणि यंत्रांवर हजारो मुलांचे जेवण बनवणारी मोठी स्वयंपाकघरे झाली आहेत. यंत्रशक्तीवर उत्पादन चालते अशा जागेतले काम यादीत आहे, तेव्हा तेथे दावा लावता येतो आणि लावलाच पाहिजे. खेड्यातल्या चुलीवरच्या बाईला मात्र हे दार बंद. म्हणजे धोका तोच, भाजणे तेच, पण वाफ यंत्राची असेल तर हक्क आणि लाकडाची असेल तर वर्गणी! यादीत नवे काम अधिसूचनेने घालता येते, त्याला विधेयक लागत नाही. शालेय स्वयंपाक यादीत घाला, ही मागणी प्रत्येक राज्य शाखेने आपल्या सरकारकडे लेखी करायची आहे.

शिक्षक बंधू-भगिनी मघापासून शांत बसले आहेत. त्यांना वाटत असेल हे शिपाई-ड्रायव्हरचे प्रकरण आहे. तर शिक्षकही यादीत नाही. १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली 'कामगार' नाही असे ठरवले. आपल्यातल्या काहींना तो सन्मान वाटला होता. २००४ मध्ये त्याच वाटेने ग्रॅच्युइटीही नाकारली गेली, तेव्हा सन्मान महागात पडला. संघटनांनी जोर लावला, संसदेने २००९ साली कायदा दुरुस्त करून ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू केली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. व्याख्या बदलता येते ती अशी.

अपघाताच्या बाबतीत 'कामावर' या शब्दाची व्याख्या किती जीवघेणी असते हे उत्तर प्रदेशात दिसले. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत पंचायत निवडणुका झाल्या. त्या कामावर गेलेल्या १,६२१ शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या मृत्यूची यादी तेथल्या प्राथमिक शिक्षक संघाने दिली. खात्याने प्रथम फक्त ३ मृत्यू मान्य केले. कारण नियमात लिहिले होते की घरून ड्युटीला निघाल्यापासून घरी परतेपर्यंत मृत्यू झाला तरच तो ड्युटीवरचा. तापाने आठ-दहा दिवसांनी घरी मरणारा माणूस त्या नियमात कसा बसणार? आरडाओरडा झाल्यावर नियम बदलून ड्युटीनंतर ३० दिवसांतले मृत्यू धरले गेले आणि वारसांना ३० लाख रुपये देण्याचे ठरले. जनगणना, मतदान, परीक्षेच्या पेट्या पोहोचवणे ही कामे शिक्षक करतच राहणार आहेत. प्रत्येक वेळी हुकूम हातात पडला की त्यावर तारीख घालून तो जपून ठेवा.

केंद्रीय विद्यालयांसारख्या ठिकाणी, जेथे केंद्राचे सेवानियम लागू आहेत, कामावर इजा झाल्यास विशेष अपंगत्व रजा मिळते. ती २४ महिन्यांपर्यंत असते, त्यातले पहिले १२० दिवस पूर्ण पगारी. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. आमच्या अनुभवात दहातले नऊ जण स्वतःची अर्जित रजा खर्च करून बसतात, कारण ही रजा आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

खाजगी शाळांतल्या कमी पगाराच्या शिक्षिका, लिपिक, आया यांच्यासाठी खरे दार राज्य कर्मचारी विम्याचे आहे. पूर्वी तो शैक्षणिक संस्थांना लावायचा की नाही हे राज्याच्या अधिसूचनेवर असे, आणि संस्थाचालक त्याविरुद्ध न्यायालयांत जात. तामिळनाडूची अधिसूचना मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२० साली उचलून धरली. नव्या संहितेत दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला विमा लागू होण्यासाठी अशा अधिसूचनेची गरज उरलेली नाही. २०१७ साली ठरलेली वेतनमर्यादा २१,००० रुपयांची आहे. यात कामाची यादी नाही, म्हणून शिक्षिकाही येते. कामावरच्या इजेसाठी किती दिवस वर्गणी भरली हे पाहिले जात नाही, पहिल्या दिवशी पडलात तरी हक्क आहे. अंथरुणावर असेपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के मिळतात. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून विमेदाराचा हक्क जात नाही, महामंडळ ती त्याच्याकडून वसूल करू शकते. मात्र विम्यात असलेल्या कर्मचाऱ्याला दुसरीकडे भरपाईचा दावा करता येत नाही.

अपघात झाला तर त्याच दिवशी काय करायचे ते सांगून थांबतो. जखमी माणसाबरोबर दवाखान्यात आपला एक माणूस गेलाच पाहिजे, आणि केसपेपरवर कारण लिहिले जाताना त्याने डॉक्टरसमोर उभे राहून 'शाळेत, अमुक काम करताना' असे लिहून घ्यावे. त्या कागदाचा फोटो तेथेच काढावा. संध्याकाळच्या आत मुख्याध्यापकांना दोन ओळींची लेखी सूचना द्यावी आणि पोच घ्यावी. पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवावी. मालकाला अपघात माहीत होता हे दाखवता आले तर सूचनेतल्या उणिवेने दावा बुडत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका. सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावले तर कोणी बोलावले हे वहीत टिपून ठेवा, फोनवरचा निरोप पुसू नका.

चहानंतर आपण सूचनेचा आणि दाव्याचा असे दोन नमुना अर्ज भरून पाहणार आहोत. कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. पोषण आहाराच्या बायका ज्या शाखांत सभासद आहेत, त्या शाखांच्या प्रतिनिधींनी गेल्या दोन वर्षांत भाजलेल्यांची नावे आणि तारखा आज जाण्यापूर्वी आमच्याकडे द्याव्यात. दोन वर्षांच्या आतली जी प्रकरणे असतील, ती आधी हातात घ्यायची आहेत.